सवलतीची मानकरी

सवलतीची किंमत पैशांत मोजतो तो माणूस मराठी मध्यमवर्गीय नव्हेच. आपल्याकडे सवलत मिळाली म्हणजे आपण कुणीतरी आहोत हे सरकारदरबारी, निदान खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या दरबारी तरी, मान्य झालं असा अर्थ होतो. दुकानातल्या सेलला ती इभ्रत नाही. ‘भव्य महासेल, ५० टक्के सूट’ कुणालाही मिळते, आणि कुणालाही मिळतं त्याचं कौतुक कसलं? सवलत मागावी लागते. तिला कागद लागतो, कागदावर फोटो लागतो, फोटोवर निम्मा आणि कागदावर निम्मा असा शिक्का लागतो. एवढा खटाटोप करून तिकिटाचे बारा रुपये वाचले, तरी घरी आल्यावर ते सांगतानाचा आवाज बाराशे रुपयांचा असतो.

माझं चरित्र कुणी लिहायला घेतलंच, तर सालांऐवजी सवलतींच्या क्रमानं लिहावं. कॉलेजात एसटीचा पास होता. बँकेत लागले आणि कर्मचाऱ्यांसाठीच्या कमी व्याजाच्या कर्जावर फ्लॅट झाला, एलटीसीवर कन्याकुमारी झाली. रेल्वे पुरुषांना साठीनंतर भाड्यात ४० टक्के सवलत द्यायची आणि बायकांना ५८ व्या वर्षापासूनच ५० टक्के. हा फरक मी ह्यांना कित्येक वर्षं आगाऊ ऐकवत आले होते. मी ५८ ची झाले ती २०२० साली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये करोनामुळे रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत थांबवली, ती आजतागायत परत आलेली नाही. एसटीनं मात्र लाज राखली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं. पण ते सगळ्याच बायकांना. म्हणजे त्यात खास माझं असं काही नाही. आता उरला तो ठेवींवरचा ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का आणि निवृत्त कर्मचारी म्हणून वरचा एक टक्का. थोडक्यात, हल्ली मला जे काही मिळतं ते म्हातारी झाल्याबद्दल.

अशा परिस्थितीत मी मराठी घेऊन एम.ए.ला प्रवेश घेतला. कारणं पुष्कळ सांगता येतील. घरात कंटाळा यायचा, वाचनाची हौस होती, आणि आयुष्यभर डेबिट-क्रेडिट केल्यावर एकदा तरी जमाखर्च न जुळणारं काही शिकावं असं वाटत होतं. ह्यांचं म्हणणं, ‘तुला कँटीनमध्ये बसायचं होतं.’ तेही खरंच आहे. पण प्रवेशाबरोबर विद्यापीठाचं ओळखपत्र आलं, आणि मुलानं हैदराबादहून फोनवर सांगितलं, “आई, आता तुला स्टुडंट डिस्काउंट मिळेल. लॅपटॉप घेऊन टाक.”

विद्यार्थिनी म्हणून सवलत! तीही त्रेसष्टाव्या वर्षी! लॅपटॉप हवा की नको हा प्रश्न त्या क्षणी मागे पडला. तो पुढे बराच काळ मागेच राहिला.

ही सवलत नेमकी काय आहे ते मी बँकेच्या सवयीनं नीट वाचून घेतलं. अ‍ॅपलनं २०२५ च्या मार्चमध्ये एम-फोर चिपचा मॅकबुक एअर आणला, तेव्हा तेरा इंची यंत्राची भारतातली किंमत ९९,९०० रुपये होती. विद्यार्थ्यांना तोच ८९,९०० ला. वर पावसाळ्यात शैक्षणिक वर्ष सुरू होतं त्या सुमाराला कानात घालायचे एअरपॉड्सही सोबत. सवलतीला पात्र कोण, तर महाविद्यालय-विद्यापीठांतले विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी, शिवाय विद्यार्थ्यासाठी खरेदी करणारे त्याचे पालक. पालकांचं कलम वाचून मी थबकले. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. म्हणजे मनात आणलं तर ती माझ्यासाठी, ‘मुलगी शिकतेय, तिला लागतो’ म्हणून, सवलतीत लॅपटॉप घेऊ शकते. आईला हे सांगितलं, तर तिनं विचारलं, “आधीची फी भरली का सगळी?”

मग मी कागद घेतला. माणूस निवृत्त होतो, त्याची आकडेमोड होत नाही.

पहिली ओळ: सवलत १०,००० रुपये. दुसरी ओळ: लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, तो किमतीतच धरलेला. म्हणजे ८९,९०० मधले सुमारे १३,७०० रुपये करापोटी. कंपनीनं मला विद्यार्थिनी म्हणून जेवढं सोडलं, त्याहून जास्त सरकारनं मला नागरिक म्हणून आकारलं. तिसरी ओळ: आयकराच्या हिशेबात संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के. म्हणजे व्यवसायाच्या ताळेबंदात दाखवला असता, तर पहिल्याच वर्षात जवळजवळ ३६ हजार रुपये हवेत. चौथी ओळ: मला लागतो तेवढा विंडोजचा साधा लॅपटॉप पन्नासेक हजारांत मिळतो. म्हणजे दहा हजार वाचवण्यासाठी मी चाळीस हजार जास्त घालवणार. बँकेत असताना असा प्रस्ताव घेऊन कुणी समोर बसला असता, तर मी त्याला आधी पाणी दिलं असतं.

पाचव्या ओळीवर मी ‘उपयोग’ असं लिहिलं आणि अडखळले. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.ए.लाही संशोधन प्रकल्प आणला आहे. माझा विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी प्रवासवर्णनं. ज्या मंडळींनी बैलगाडीतून आणि पायी देश पालथा घातला आणि बोरूनं लिहून ठेवलं, त्यांच्यावर पन्नास-साठ पानं लिहायची. त्यासाठी लागतं काय? जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती नीट दिसतील एवढा पडदा आणि मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट कळफलक. तो कळफलक वीस हजारांच्या यंत्रात असतो तोच लाखाच्या यंत्रात. ‘ळ’ काढायला एम-फोर चिप लागत नाही.

तरी मन ऐकेना. हे असं का होतं याचा मी विचार करू लागले, आणि मला आमच्याच बँकेतली एक गोष्ट आठवली. कॉलेजं उघडली की आम्ही तिथं जाऊन टेबल मांडायचो आणि विद्यार्थ्यांची झिरो बॅलन्स खाती उघडायचो. त्या खात्यांतून बँकेला दमडी मिळत नसे. महिनाअखेरीला खात्यात अकरा रुपये असत आणि पासबुक भरायला मात्र रांग. पण साहेब म्हणायचे, आज खातं उघडणारा पोरगा उद्या पगार इथंच आणेल, परवा गृहकर्ज इथंच घेईल. माणूस बायकोपेक्षा बँक बदलायला जास्त कंटाळतो, असं त्यांचं मत होतं. त्यांचं स्वतःचं खातं शेवटपर्यंत आमच्याच शाखेत होतं.

संगणकवाल्यांना हे गणित फार आधी समजलं होतं. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठानं ठरवलं, की येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ स्वतःच्या वापराला संगणक हवा. यंत्र निवडलं ते मॅकिंटॉश, आणि निवडलं तेव्हा ते बाजारात यायचंच होतं. सगळा मामला गुपचूप. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश जाहीर झाला, त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. विद्यापीठामार्फत घेणाऱ्या पोरांना तो हजार डॉलरच्या आसपास पडला. अ‍ॅपलनं अशा चोवीस विद्यापीठांचा एक संघच बांधला होता. खरी विद्यार्थी सवलत ही. निम्म्याहून कमी किमतीत! त्यापुढं माझे दहा टक्के म्हणजे चहाबरोबरचं बिस्किट.

१९८४ सालीच मी बँकेत लागले. डॉलर तेव्हा अकरा-साडेअकरा रुपयांचा होता. तिकडची पोरं माउस सरकवत होती तेव्हा मी लेजरच्या जाडजूड बांधणीवर कोपर टेकवून नोंदी करत होते, आणि संध्याकाळी बॅलन्स जुळेना म्हणून आख्खी शाखा सात पैसे शोधत बसली होती. बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवालही त्याच सालचा. संगणक आला तर नोकऱ्या जातील म्हणून गेटवर घोषणा व्हायच्या, त्या द्यायला मीही उभी राहिले आहे. पुढं लेजर पोस्टिंग मशीन आलं. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला एसी. मशीनला उकडू नये म्हणून आणलेल्या त्या एसीत डबा खायला आम्ही सगळे तिथं जमायचो आणि साहेब ‘मशीनपाशी आमटी नको’ म्हणून ओरडायचे.

तेव्हा विद्यार्थ्यांना सवलत का, याचं उत्तर मला आतून माहीत आहे. ती शिक्षणासाठी असते तेवढीच सवयीसाठी असते. विसाव्या वर्षी बोटांना लागलेली सवय चाळिशीपर्यंत पैसे मिळवून देते. आता या न्यायानं पाहिलं, तर माझ्यावर लावलेले दहा हजार कंपनीला वसूल होणं कठीण आहे. मला सवय लागेपर्यंत मोतीबिंदूचं ऑपरेशन यायचं. हे मी मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, तू कंपनीची काळजी नको करूस. ऑफर सप्टेंबरअखेरपर्यंत आहे, तेवढं बघ.”

ह्यांचा दृष्टिकोन वेगळा. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “घरातला आहे त्याला काय झालंय?” घरातला म्हणजे मुलगा नोकरीला लागला तेव्हा मागं टाकून गेला तो. तो सुरू होतो. बटण दाबून कुकर लावावा, डाळ शिजेपर्यंत तो सुरू होतो. बॅटरी गेलेली असल्यामुळे त्याची वायर कायम भिंतीत, म्हणून त्याला लॅपटॉप म्हणायचं ते केवळ जुन्या ओळखीखातर. “मांडीवर कुठं घ्यायचाय? टेबलावर चालतो ना?” हे म्हणाले. पुरुषांना वस्तू चालते एवढ्यावर समाधान असतं. तिच्यावर सवलत मिळतेय याचं त्यांना काही वाटत नाही.

वर्गातली मुलं मात्र माझ्या बाजूनं होती. “काकू, घ्याच!” असं एकजात सगळे म्हणाले. दुसऱ्याच्या नव्वद हजारांबद्दल तरुण पिढी फार उदार असते. फक्त माझ्या शेजारी बसणारी मुलगी काही बोलली नाही. ती बीडकडची. वसतिगृहात राहते, सकाळी एका क्लासमध्ये शिकवते आणि सगळा अभ्यास मोबाइलवर करते. प्रकल्पाचं पहिलं प्रकरणही तिनं मोबाइलवरच लिहून काढलं, दोन अंगठ्यांनी. तिचा विषय मराठवाड्यातल्या जात्यावरच्या ओव्या. तिच्या मोबाइलच्या काचेला उजवीकडं एक तडा आहे आणि ‘ज’ नेमका त्या तड्याखाली येतो. बोट लागतं, पण अक्षर उमटत नाही. म्हणून ‘ज’ किंवा ‘ज्ञ’ आला की ती फोन आडवा करते, कळफलक पसरतो, ‘ज’ तड्याखालून बाहेर येतो, तो ती लिहिते आणि फोन पुन्हा उभा करते. ‘जात्यावरच्या’ हा शब्द प्रत्येक पानावर किती वेळा येत असेल! हे सगळं ती इतक्या सहज करते, की ती फोनशी काहीतरी चाळा करतेय असंच मला बरेच दिवस वाटत होतं.

तिला मी विचारलं, “अगं, तुला का नाही घ्यायचा? तुलाही सवलत आहेच की. दहा हजार वाचतात.”

ती हसली. म्हणाली, “काकू, दहा हजार वाचवायला नव्वद हजार कुठनं आणू?”

बँकेत पस्तीस-चाळीस वर्षं काढून मला जे एका वाक्यात मांडता आलं नसतं, ते तिनं मांडलं. सवलत ही नेहमी वरच्या पायरीवर ठेवलेली असते. तिथवर चढून येईल त्याला ती मिळते. ज्याला दहा हजारांची खरी गरज आहे त्याला ते मिळवायला आधी नव्वद हजारवाला व्हावं लागतं. मी सवलतीला पात्र होते आणि मला तिची गरज नव्हती. तिला गरज होती, आणि ती पात्रही होती, तरी सवलत तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

किंमतच खाली आणावी, असं काही शहाण्यांच्या मनात येऊन गेलेलं आहे. निकोलस निग्रोपाँटी यांनी प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचं स्वप्न मांडलं होतं. त्यातला हिंदुस्थानातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीतल्या शाळेत झाला. हिरवं-पांढरं, खेळण्याएवढं ते यंत्र पोरांनी हाताळलं. शंभर डॉलरांचं मात्र प्रत्यक्षात पावणेदोनशेच्या वर गेलं. मग २०११ मध्ये सरकारनं विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा टॅब्लेट गाजावाजा करून आणला. नाव आकाश, पण पडदा बोटानं जोर दिल्याशिवाय ऐकत नसे. त्याचंही पुढं फारसं काही झालं नाही. एकूण, किंमत खाली आणणं कठीण आणि सवलत देणं सोपं, म्हणून जग सवलती देतं.

“मग तू काय करणार आहेस?” मी तिला विचारलं.

तिचं सगळं ठरलेलं होतं. हिंजवडीतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपल्या माणसांचे लॅपटॉप बदलतात. ते जुने लॅपटॉप घेऊन, झाडूनपुसून, नवी बॅटरी घालून विकणारी दुकानं शहरात आहेत. तिच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलींनी तिथूनच घेतलेत. वीस-बावीस हजारांत चांगला मिळतो, सहा महिन्यांची वॉरंटी. शिष्यवृत्ती जमा झाली की ती घेणार होती. “तुम्ही पण या ना काकू,” ती म्हणाली, “दोन घेतले तर कमी करतात.”

दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. काळे, जाड, चौकोनी लॅपटॉप पुस्तकांच्या दुकानातल्यासारखे उभे रचून ठेवलेले. प्रत्येकाच्या पोटाला कुठल्यातरी कंपनीची नोंद-क्रमांकाची चिठ्ठी, अर्धवट खरवडलेली. मला ते पाहून बरं वाटलं. आमच्या शाखेतल्या खुर्च्यांनाही असेच नंबर असत. त्या मुलीनं एकेक यंत्र उघडून कळफलकाची सगळी बटणं दाबून पाहिली, आणि ‘ज’ दोनदा दाबला. बिजागरी हलवली, वायर काढून बॅटरी किती वेळानं उतरते ते घड्याळ लावून पाहिलं, आणि मग सव्वीस सांगितलेल्या यंत्राला अठरा म्हणाली. दुकानदारानं कपाळाला हात लावला. मी मागं उभी राहून ऐकत होते. कर्ज मंजूर करणाऱ्या बाईला घासाघीस येत नाही, असं मला त्या दिवशी समजलं. शेवटी एकवीसवर ठरलं. “दोन घेताय म्हणून पाचशे-पाचशे सोडतो,” तो म्हणाला, “आणि बॅग माझ्याकडून.”

माझ्या पर्समध्ये ओळखपत्र होतं. ते मी काढून काउंटरवर ठेवलं. “आम्ही दोघी विद्यार्थिनी आहोत,” मी म्हटलं.

“असू द्या काकू, असू द्या,” तो समजुतीच्या स्वरात म्हणाला आणि बिल करायला लागला.

लॅपटॉप उत्तम चालतो. ‘ळ’ व्यवस्थित येतो. जुनी प्रवासवर्णनं पडद्यावर ताटाएवढ्या अक्षरांत वाचता येतात. आणि कागदावरच्या माझ्या हिशेबात अजून एक रक्कम जमेच्या बाजूला उभी आहे: न वापरलेली विद्यार्थी सवलत, रुपये १०,०००. वापरली असती तर ती एका दिवसात संपली असती. आता जोवर मी विद्यार्थिनी आहे तोवर ती माझी आहे, हा विचार मला फार सुखाचा वाटतो. ह्यांना मी तसं सांगितलं.

“आणि एम.ए. झाल्यावर?” ह्यांनी विचारलं.

तोही मी विचार करून ठेवला होता. पीएच.डी.ला वयाची अट नाही आणि नियमाप्रमाणे तिला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. म्हणजे प्रवेश परीक्षा पास झाले, तर माझी सवलत सत्तरी ओलांडेपर्यंत शाबूत.

“म्हणजे पीएच.डी. झाल्यावर तो नवा लॅपटॉप घेणार?”

“छे,” मी म्हटलं, “लॅपटॉप कशाला लागतोय? आहे की.”